वाच्यार्थाचा हक्क : राजकीय रूपककथा, उपरोध आणि अरण्यप्रदेशातील किशोर वाचक

१

राजकीय रूपककथा शाळेत कशी शिकवावी, हा प्रश्न वरवर पाहता अध्यापनपद्धतीचा आहे. त्यामुळे समीक्षेने तो शिक्षणशास्त्राच्या खात्यावर टाकून त्याच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. वर्गात प्रत्यक्ष जे घडते त्याचा संबंध मात्र अर्थनिर्णयनाशी आहे, आणि त्याहूनही अधिक नीतीशी आहे. कथा वाचून झाली की फळ्यावर दोन रकाने आखले जातात. डावीकडे प्राणी आणि उजवीकडे त्यांचे 'खरे' अर्थ : सिंह म्हणजे सत्ताधीश, कोल्हा म्हणजे कारस्थानी मंत्री, मेंढ्या म्हणजे जनता. विद्यार्थी ते उतरवून घेतात. मार्गदर्शिकेतही तेच छापलेले असते. परीक्षेत डाव्या रकान्यावरून उजवा लिहिता आला म्हणजे कथा 'समजली' असे मानले जाते. या दोन रकान्यांना सोयीसाठी 'किल्ली' म्हणू.

कुमारभारती-युवकभारतीच्या वयातील, म्हणजे साधारण चौदा ते अठरा वर्षांच्या वाचकाच्या हाती अशी किल्ली देणे हे वाङ्मयीन दृष्ट्या अपुरे आहे, एवढेच मला म्हणावयाचे नाही. काही परिस्थितींत तो त्या वाचकावर अन्याय ठरतो, असे मला प्रतिपादन करावयाचे आहे. ती परिस्थिती स्पष्ट दिसावी म्हणून चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन अरण्यप्रधान जिल्हे मी डोळ्यांपुढे ठेवले आहेत. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता. प्रशासनाने त्याचे दोन भाग केले असले तरी जंगल, बोली आणि सत्तेचा अनुभव या बाबतींत तो प्रदेश अजूनही एकमेकांत गुंतलेला आहे.

प्राण्यांच्या गोष्टींतून राजनीती शिकविण्याची आपली परंपरा जुनी आहे. पंचतंत्राची चौकटकथाच मुळी एका अध्यापनाची कथा आहे. महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ती राजाचे तीन पुत्र अभ्यासविमुख असतात आणि सहा महिन्यांत त्यांना नीतिशास्त्रात निष्णात करण्याचे विष्णुशर्मा मान्य करतो. आपल्या विषयाच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट विद्यार्थ्यांचे स्थान ही आहे. ते उद्याचे राज्यकर्ते होते. सिंहाच्या दरबारात काय चालते हे त्यांना सिंहाच्या बाजूने जाणून घ्यावयाचे होते. भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातील आश्रमशाळेत दहावीत शिकणारा विद्यार्थी या व्यवस्थेच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो. राज्यसंस्था त्याच्यापुढे वनरक्षक, तलाठी, पोलीस आणि शिक्षक अशा रूपांनी येते. म्हणजे रूपककथा उलगडून दाखविणारा शिक्षक हाही त्याच्या दृष्टीने सत्तेच्या चेहऱ्यांपैकी एक असतो. विष्णुशर्म्याला ही अडचण नव्हती. आपल्याला ती आहे, आणि तिचा विचार न करता पंचतंत्राचा वारसा सांगणे फसवे आहे.

२

आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनीचे जे मूलभूत वर्गीकरण केले ते येथे उपयोगी पडते. अविवक्षितवाच्य ध्वनीत वाच्यार्थ वक्त्याला अभिप्रेतच नसतो. त्याच्या एका प्रकारात, अत्यंततिरस्कृतवाच्यात, तर तो संपूर्णपणे बाजूला सारला जातो. याउलट विवक्षितान्यपरवाच्य ध्वनीत वाच्यार्थ अभिप्रेत असतो, तो स्वतःच्या जागी उभा असतो आणि तेथे उभा राहूनच दुसऱ्या अर्थाकडे निर्देश करतो. हा विचार प्रामुख्याने काव्याला धरून झालेला आहे आणि दीर्घ कथनाला तो जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मान्य. तरी किल्लीवाचनाचा दोष नेमका सांगण्यासाठी याहून चांगली परिभाषा मला आढळत नाही. वर्गात प्रत्येक रूपककथा अत्यंततिरस्कृतवाच्य म्हणून शिकविली जाते. उजवा रकाना भरला की डाव्याचे काम संपते. घोडा मग घोडा उरत नाही.

जॉर्ज ऑर्वेलची 'ॲनिमल फार्म' (१९४५) हे किल्लीवाचनाला सर्वांत अनुकूल वाटणारे उदाहरण आहे. रशियन क्रांतीच्या इतिहासाशी तिचे दुवे इतके जवळचे आहेत की रकाने जणू लेखकानेच आखून दिले असावेत. तरीही या कृतीचा इतिहास किल्लीच्या विरोधात साक्ष देतो. १९४४ मध्ये फेबर प्रकाशनाच्या वतीने हस्तलिखित नाकारताना टी. एस. एलियटने एक आक्षेप घेतला होता. डुकरे ही त्या वाडीतील सर्वांत बुद्धिमान प्राणी असल्यामुळे कारभारास तीच योग्य होती, आणि खरी गरज अधिक लोकहितदक्ष डुकरांची होती, असा त्याचा आशय होता. हे वाचन ऑर्वेलच्या हेतूच्या जवळपासही जात नाही, परंतु ते संहितेच्या बाहेरचेही नाही. डुकरे सर्वांत बुद्धिमान आहेत, असे कथाच सांगते. पुढे १९५४ मध्ये या कादंबरिकेवर निघालेल्या सचेतपटाला अमेरिकी गुप्तचर यंत्रणेचे अर्थसाहाय्य होते आणि त्यात शेवट बदलून प्राण्यांचे नवे बंड दाखविण्यात आले. मूळ कथेत प्राणी खिडकीतून आत पाहतात आणि डुकरे कोणती व माणसे कोणती हे त्यांना ओळखता येत नाही. एका सत्तेवर केलेली टीका दुसऱ्या सत्तेला उपयोगी पडावी म्हणून हे अवघड साम्य काढून टाकावे लागले. किल्ली जवळ बाळगणारा कधीच तटस्थ नसतो, हा या घटनेचा धडा आहे.

मराठीत याच्या शेजारी व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' ठेवून पाहावी. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कृती वानरांच्या टोळ्यांविषयी आहे. टोळीचा नायक बदलतो, नवा नायक जुन्याची पिले मारतो, माद्या जुळवून घेतात किंवा पळ काढतात. हे सारे प्राणिवर्तनाच्या अभ्यासाला धरून आहे. शीर्षक मात्र मराठी वाचकाने वृत्तपत्रातून ओळखलेले आहे. १९७७ आणि १९८० अशी दोन केंद्रीय सत्तांतरे नुकतीच पाहिलेल्या वाचकाला त्यात राजकारण दिसले नसते तरच नवल. तरीसुद्धा या कृतीची किल्ली तयार करू पाहणारा थोड्याच वेळात थकतो, कारण वानरे वानरपण सोडत नाहीत. येथे वाच्यार्थ विवक्षित आहे आणि अन्यपरही आहे. किशोर वाचकाला रूपकाचे कार्य शिकवावयाचे असेल तर आरंभ 'ॲनिमल फार्म'पासून करण्याऐवजी 'सत्तांतर'पासून करावा, असे मी म्हणेन. वाच्यार्थ शाबूत ठेवून दुसरा अर्थ कसा उभा राहतो हे एकदा कळले, की ऑर्वेलचा कष्टाळू घोडा खाटकाच्या गाडीतून नेला जातो तेव्हा घोड्यासाठीच व्याकूळ होणारा विद्यार्थी चुकत नाही, हेही कळते. त्या व्याकूळतेवाचून उजव्या रकान्यातील 'कामगारवर्ग' हा शब्द निर्जीव राहतो.

३

वाच्यार्थाच्या या हक्काला चंद्रपुरात एक वेगळेच वजन येते. पाठ्यपुस्तकातील वाघ हा पराक्रमाचे किंवा जुलमाचे प्रतीक असतो. मुंबईच्या राजकीय व्यंगचित्रांत तो एका पक्षाचे चिन्ह झाला. ताडोबाच्या प्रवेशद्वारावर तो पर्यटनाचा माल असतो. ताडोबा हे नावही, स्थानिक आख्यायिकेनुसार, वाघाशी झुंजताना मरण पावलेल्या तारू नावाच्या गावप्रमुखावरून आले. त्याचे ठाणे तलावाकाठी आहे. १९५५ मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९५ मध्ये अंधारी अभयारण्यासह व्याघ्रप्रकल्प. गाभाक्षेत्रातील बोटेझरी, नवेगाव, जामणी यांसारखी गावे बाहेर वसविण्यात आली. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या.

अशा तालुक्यातील वर्गात 'वाघ म्हणजे हुकूमशहा' असे फळ्यावर लिहिले जाते तेव्हा काय घडते? विद्यार्थ्याला जे सर्वांत नीट ठाऊक आहे तेच वाचनाच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचे ठरते. तेंदूच्या हंगामात पहाटे रानात जाणाऱ्या आईची काळजी, गाव उठल्याची आजोबांनी सांगितलेली हकीकत, वाघदेवापुढे जोडलेले हात, हे सारे 'प्राथमिक' अर्थाच्या पातळीवर सोडून दिले जाते. त्याने यापेक्षा 'वर' चढावे अशी अपेक्षा असते. वर चढणे म्हणजे मॉस्को, दिल्ली किंवा मुंबई येथील घडामोडींकडे जाणे. खरे राजकारण तिकडे घडते आणि रान हा त्यावरचा केवळ पडदा आहे, असा या अध्यापनाचा न उच्चारलेला सिद्धान्त आहे. तो वस्तुतः खोटा आहे. वाघ कोठे राहावा, माणसाने कोठे राहावे, मेलेल्या माणसाची भरपाई किती आणि ती कोणी ठरवावी, हेच या जिल्ह्याचे राजकारण आहे. वाच्य वाघच येथे राजकीय आहे. त्याचा अर्थ लावण्यासाठी हुकूमशहापर्यंत जाण्याची आवश्यकता नाही, आणि जावयाचेच असेल तर वाटेत त्या वाघाला ओलांडून जाता येणार नाही.

४

उपरोधाची अडचण याहून निराळी आहे. रूपककथेत दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवलेल्या असतात. उपरोधात एकाच विधानातील दोन स्वर ऐकावे लागतात. त्यासाठी कोणता स्वर कोणाचा हे आधी ओळखता आले पाहिजे. मराठीतील राजकीय उपरोध मोठ्या प्रमाणावर भाषेच्या नकलेवर जगतो. 'सदर प्रकरणी', 'उपरोक्त विषयान्वये' अशी कार्यालयीन मराठी किंवा सभेतील पुढाऱ्याची मराठी जराशी ताणली की पुण्या-नागपूरच्या वाचकाला हसू येते. या हसण्यामागे एक गृहीत आहे : घरची मराठी वेगळी आणि कचेरीची वेगळी.

गडचिरोलीच्या एकाच वर्गात माडिया, गोंडी, झाडीबोली, तेलुगू, बंगाली किंवा छत्तीसगढी घरी बोलणारी मुले असू शकतात. ज्याच्या घरी माडिया बोलली जाते त्याला मराठी प्रथम भेटते ती शाळेची आणि शासनाची भाषा म्हणून. त्याच्या दृष्टीने सगळीच मराठी कचेरीची असते. मग कार्यालयीन मराठीची नक्कल त्याला नक्कल म्हणून ऐकू येणार कशी? शिक्षक याला आकलनाची उणीव समजतो. वास्तविक उपरोध ज्या भाषिक वाटपावर उभा आहे, ते वाटप या विद्यार्थ्याच्या बाबतीत झालेलेच नसते. झाडीबोलीच्या विद्यार्थ्याची कुचंबणा आणखी वेगळी. 'पाणी'ला 'पानी' म्हणणारे पात्र पुष्कळशा विनोदी कथांत अडाणीपणाचे चिन्ह म्हणून येते. या वाचकाला हसावयाचे तर स्वतःच्या घराला हसावे लागते. उपरोधाचे लक्ष्य कोण, हा प्रश्न अशा वर्गात सैद्धान्तिक राहत नाही.

याचा अर्थ या प्रदेशाला उपरोध परका आहे असा मुळीच नाही. दिवाळीनंतर सुरू होणाऱ्या झाडीपट्टी रंगभूमीच्या हंगामात वडशाच्या नाटक मंडळ्या रात्र-रात्र प्रयोग करतात आणि सारा गाव ते पाहतो. दंडार आणि खडी गंमत या त्याहून जुन्या प्रकारांत हजरजबाबी टिंगलीला मानाचे स्थान आहे. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यानंतर बाहेरच्या जगाने या रंगभूमीची अधिक दखल घेतली. आपल्या अभ्यासक्रमाने मात्र ती उपरोधाची शाळा म्हणून अद्याप वापरलेली नाही. सोंगाड्या बोलतो तेव्हा तो कोणाचा आवाज काढतो आहे, हे या मुलांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. विश्लेषणाला आरंभ तेथून करता येतो.

दुसरा आरंभ अधिक जवळ आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील व्याख्येनुसार 'वृक्ष' या संज्ञेत बांबूचा समावेश होता. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू गवताच्या कुळातला आहे. कायद्याने त्याला झाड ठरविल्यामुळे त्याच्या तोडीवर आणि वाहतुकीवर वनखात्याची सत्ता चालली. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले. त्या कायद्याखाली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. तरीही बांबू विकून गावाबाहेर नेण्याचा परवाना मिळेना, कारण खात्याच्या लेखी तो अजून झाडच होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळण्यास २०१७ उजाडले. नव्वद वर्षे गवत हे झाड होते.

हे शेवटचे वाक्य उपरोधिक आहे आणि त्यात एकही खोटा शब्द नाही. उपरोध म्हणजे 'उलट बोलणे' ही शालेय व्याख्या येथे कोसळते. सत्तेचे विधान जसेच्या तसे, गंभीर चेहऱ्याने आणि योग्य ठिकाणी उच्चारले की ते स्वतःच उघडे पडते. पुढील सगळे तंत्र, म्हणजे अतिशयोक्ती, भाबडा निवेदक, कार्यालयीन पत्राची नक्कल, यांतून शिकविता येते. मेंढ्याच्या ग्रामसभेची 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणाही अशीच वाचण्याजोगी आहे. शहरी कानाला ती आलंकारिक वाटते. गावाला ती शब्दशः अभिप्रेत आहे. तिचे सामर्थ्य वाच्यार्थात आहे, आणि तिला अलंकार समजणे हीच तिच्यावरची पहिली राजकीय कुरघोडी आहे.

५

आता मुख्य नैतिक प्रश्नाकडे येता येईल. रूपकातील मूळ व्यक्तीचे वा सत्तेचे नाव कोणी घ्यावे?

रूपककथेचा एक उगम भयात आहे. नाव न घेता बोलता यावे आणि जाब विचारला गेला तर 'मी वानरांविषयी बोलत होतो' असे म्हणता यावे, यासाठी ती असते. हे आवरण लेखकाचे रक्षण करते. वर्गात शिक्षक नाव घेतो तेव्हा तो आपल्या जबाबदारीवर घेतो. पण 'हे तुमच्या भागात कोणाला लागू पडते ते लिहा' असे तो म्हणतो तेव्हा विद्यार्थ्याचे आवरण काढून घेतो. गडचिरोलीत नक्षलवादी चळवळ १९८० मध्ये आली. पुढील चार दशके 'खबऱ्या' आणि 'समर्थक' हे दोन शब्द येथे केवळ विशेषणे नव्हते. पहिल्याच्या संशयावरून माओवाद्यांनी गावकऱ्यांना ठार केले, तर दुसऱ्याच्या संशयावरून लोक पोलिसांच्या चौकशीला आणि अटकेला सामोरे गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. शस्त्रे खाली ठेवल्याने शब्दांवरचा धाक त्याच दिवशी उतरत नाही. अशा ठिकाणी 'ॲनिमल फार्म'ची डुकरे कोण, या प्रश्नाला दोन उत्तरे तयार असतात आणि दोन्ही उत्तरे कोणी तरी ऐकत असण्याचा संभव असतो. गृहपाठाच्या वहीत त्यांपैकी एक लिहावयास लावणे हा वाङ्मयाचा अभ्यास नव्हे.

म्हणून माझे म्हणणे असे : दुहेरी अर्थ कसा बांधला जातो हे शिक्षकाने संपूर्णपणे शिकवावे, तो कोठे वटवावयाचा हे विद्यार्थ्यावर सोडावे. नाव घेण्याचा हक्क जसा त्याचा आहे तसा न घेण्याचाही त्याचाच आहे, कारण त्याची किंमत तो देणार आहे.

यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की ही भीरुता आहे. नावे न घेता शिकविलेला उपरोध म्हणजे बोथट केलेले हत्यार. या आक्षेपात तथ्य आहे, आणि शिक्षकाने स्वतःच्या बाजूने काहीच बोलू नये असा माझा आग्रहही नाही. बांबूचे कलम वर्गात वाचणारा शिक्षक भित्रा ठरत नाही. नोंद झालेला कायदा, छापून आलेला निर्णय, सार्वजनिक विधान यांची नावे त्याने अवश्य घ्यावीत. ज्यांची किंमत मुलाला मोजावी लागेल ती नावे त्याने मुलाकडून वदवून घेऊ नयेत. धैर्य स्वतःपुरते दाखविता येते, दुसऱ्याच्या वतीने ते दाखविणे म्हणजे सक्ती.

दुसरा आक्षेप अर्थाच्या अराजकाचा. किल्ली काढून घेतली तर कोणीही काहीही म्हणेल. पण किल्ली आणि अराजक असे दोनच पर्याय नाहीत. वाचनाला पुराव्याचे बंधन राहतेच. सुचविलेला अर्थ कथेतील किती तपशिलांना पेलतो, कोणत्या तपशिलापाशी मोडतो, आणि कथेचा शेवट त्याला सामावतो की त्याच्या आड येतो, हे विचारता येते. एलियटचे वाचन या कसोटीवर तपासणे हा अकरावीच्या वर्गाला झेपणारा आणि उपकारक अभ्यास आहे. कथा एकाऐवजी दोन परस्परविरोधी सत्तांना लागू करून पाहावी आणि दोन्हींकडे काय उरते ते मांडावे. त्यात कोणाचेही नाव घेण्याची गरज नसते, आणि प्रचारकथा व रूपककथा यांतील फरक येथेच उमगतो. प्रचारकथेत काहीच उरत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. वाच्यार्थाला हक्क दिला तर 'घाशीराम कोतवाल'च्या विरोधकांचे काय? १९७२ मध्ये हे नाटक रंगभूमीवर आले तेव्हा त्यांनी वाच्यार्थच धरला होता. नाना फडणवीस म्हणजे नाना फडणवीस, आणि म्हणून इतिहासाची व एका समाजाची बदनामी, असे त्यांचे म्हणणे. समर्थकांनी सत्ता आपली हत्यारे कशी निर्माण करते आणि मग कशी टाकून देते, या व्यापक अर्थाकडे बोट दाखविले. माझ्या भूमिकेनुसार विरोधकांना दुखावले जाण्याचा हक्क होता, हे मान्य करणे भाग आहे. त्यांच्या वाच्यार्थाला 'अरसिकता' म्हणून झटकून टाकणे हे सिंदेवाहीच्या मुलाचा वाघ झटकून टाकण्यासारखेच आहे. मात्र वाच्यार्थ ऐकला जाण्याचा हक्क हा दुसरा अर्थ बंद पाडण्याचा हक्क नव्हे. विरोधकांची चूक त्यांनी नानाला नाना म्हणून पाहिले ही नव्हती, इतर कोणी त्याच्यापलीकडे पाहू नये अशी त्यांची इच्छा होती, ही होती. किल्ली देणारा शिक्षक आणि प्रयोग बंद पाडू पाहणारा प्रेक्षक यांच्यात या एका बाबतीत साम्य आहे. दोघांनाही अर्थ एकच हवा असतो.

रूपक आणि उपरोध शिकविणे म्हणजे सत्तेची भाषा ऐकण्याचे शिक्षण. त्या शिक्षणात विद्यार्थ्याला प्रथम स्वतःला ठाऊक असलेल्या गोष्टींवर विश्वास ठेवता आला पाहिजे : वाघ हा वाघ आहे, बांबू हे गवत आहे, आणि 'पानी' म्हणणारा माणूस अडाणी नाही. हे ज्याच्याकडून काढून घेतले गेले नाही, त्याला पुढे कोणी गवताला झाड म्हणून सांगितले तर त्यातील विसंगती दिसते. तेव्हा हसावे, लिहावे की गप्प राहावे, हे तो ठरवील.